बालकर्करोगाच्या जागतिक मोहिमांचा नागपुरातल्या मुलांना खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जिनिव्हात ठराव होतात, 15 फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनी, सोनेरी फिती लागतात, त्यानं नागपुरात उपचार घेणाऱ्या एखाद्या पोराला काय मिळतं? आणि तुमच्या कंपनीत अशा एका मोहिमेला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे द्यायचं घाटतंय, तर द्यावेत का?

मी इथल्या एका कॅन्सर वॉर्डात समाजसेवा अधीक्षक आहे. डॉक्टर नाही. रेशनकार्ड बघणं, फुले जनआरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाच्या, मागे लागणं, रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून देणं, धर्मशाळेत जागा मिळवणं ही माझी कामं. तेव्हा उत्तरही त्याच टेबलावरून.

फायदा होतो. फक्त तो फितीतून होत नाही, कागदातून होतो, आणि कागद पोचायला वेळ लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 3.4 क्रमांकाचं एक लक्ष्य आहे: कर्करोग, हृदयविकार, मधुमेह वगैरे असंसर्गजन्य आजारांनी होणारे अकाली मृत्यू 2030 पर्यंत एक तृतीयांशानं कमी करायचे. वाचायला छानच. पण हे लक्ष्य मोजताना बघतात ते 30 ते 70 या वयातले मृत्यू. म्हणजे सहा वर्षांचं लेकरू रक्ताच्या कॅन्सरनं गेलं, तर त्या मोजमापात ते कुठेच नाही. आपल्याकडचंही चित्र फारसं वेगळं नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कॅन्सरची तपासणी म्हणजे तिशीपुढच्या लोकांची, तीही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची. त्यामागे कारण आहे, ते मान्य. मुलांचे कॅन्सर तंबाखू सोडून टळत नाहीत आणि शिबिर भरवून सापडतही नाहीत. पण परिणाम असा, की कार्यक्रमात नाव नाही म्हणून लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचं खातं, नाही, आणि लेखाशीर्ष नाही तिथे पैसा नाही. सरकारी नोकरीत दोन वर्षं काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

जागतिक मोहिमेनं मुख्यतः हीच फट बुजवायला घेतली. त्यात बालकर्करोगावर काम करणाऱ्या डॉक्टरांची सिऑप ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 1969 पासूनची. पण चिकाटी पालकांची. कॅन्सरग्रस्त मुलांच्या पालक-संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1994 मध्ये झाला, आणि 15 फेब्रुवारीचा दिवस त्यांनीच सुरू केला. 2017 मध्ये जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेत, कर्करोगावर ठराव झाला. सप्टेंबर 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाला सोबत घेऊन बालकर्करोगासाठी स्वतंत्र उपक्रम जाहीर केला: 2030 पर्यंत जगभरात किमान 60 टक्के मुलं वाचली पाहिजेत. आज जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलं आणि किशोरवयीन कॅन्सरच्या तावडीत सापडतात. श्रीमंत देशांत त्यांतली 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, आणि अनेक गरीब देशांत 30 टक्केसुद्धा नाहीत.

या उपक्रमातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सगळ्याच आजारांना एकदम हात घातला नाही. सहा कॅन्सर निवडले: लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर (एएलएल), बर्किट आणि हॉजकिन हे दोन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कॅन्सर), डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडातला विल्म्स ट्यूमर आणि मेंदूतली हळू वाढणारी गाठ, ग्लायोमा. (फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत लेकराच्या एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, तरी सांगून ठेवते.) यांतल्या बहुतेकांची औषधं जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त आहेत. व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन यांना कित्येक दशकं झाली. मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांची वेगळी यादीही जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये काढली. औषध यादीत आहे म्हटलं की खरेदीच्या फायलीवर ‘हे कशाला हवं?’ असा शेरा पडत नाही. माझ्या दृष्टीनं ठरावाचा एवढा उपयोगही पुष्कळ आहे.

पण आमच्या वॉर्डात पोरं हातची जातात ती बहुतेकदा औषधाअभावी नाही. एएलएलचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिला महिना भयंकर जातो: ताप, तोंडात फोड, रक्त चढवणं. त्यानंतर रक्तात आजार दिसेनासा होतो, केस परत यायला लागतात, पोरगं व्हरांड्यात पळायला लागतं. आणि नेमकं तिथेच बाप विचारतो. गडचिरोलीकडच्या एका बापानं विचारलेलं सांगते: ‘मॅडम, पोट्टं तं चांगलं खेळून राह्यलं, आता काहून सुया टोचता त्याले?’ त्याची भाताची रोवणी तोंडावर होती. घरी दुसरी दोन लेकरं. आईला इथे ठेवलं तर बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उतरायला माणूस नाही. फुले जनआरोग्य योजना रुग्णालयाचं बिल भरते. बुडालेली मजुरी भरत नाही. रेल्वेची सवलत आहे, पण गडचिरोलीतल्या कोरचीला रेल्वे जात नाही. आणि घरी न्यायच्या गोळ्या म्हणजे मर्कॅप्टोप्युरीनची 50 मिलिग्रॅमची गोळी, वजनाप्रमाणे आज अर्धी, उद्या पाऊण, अशी कापून द्यायची. हे त्या बापाला पुडीवर अर्धा चंद्र, पाऊण चंद्र काढून दाखवावं लागतं.

जगभरच्या मोहिमेनं या गळतीला नाव दिलं आणि व्याख्या केली. सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त उपचार चुकला, की तो ‘उपचार सोडला’ असं धरायचं. ऐकायला कोरडं वाटेल, पण आमचं काम त्यानं सोपं झालं. आता पहिली तारीख चुकली की फोन जातो, दुसरी चुकली की गावच्या आशाताईंना. चौथ्या आठवड्याची वाट बघत बसत नाही. आणि महिन्याच्या बैठकीत ‘पेशंट येत नाहीत हो’ असं मोघम न बोलता आकडा ठेवता येतो.

काही देशांनी पुढचं पाऊलही टाकलंय. पेरूनं 2020 मध्ये बालकर्करोगाचा कायदाच केला. त्यात पोराजवळ राहणाऱ्या आईला किंवा बापाला रजा आणि भत्ता आहे. घानात पालक आणि डॉक्टरांनी पाठपुरावा करून चार बालकर्करोग राष्ट्रीय आरोग्य विम्यात घालून घेतले. मोहीम यशस्वी झाली असं मी याला म्हणते. याउलट औषधपुरवठ्याचा मोठा जागतिक मंच 2021 मध्ये जाहीर झाला, सेंट ज्यूडचे 20 कोटी डॉलर त्यात आहेत, आणि 2025 मध्ये पहिली औषधं मंगोलिया आणि उझबेकिस्तानला गेली. चांगलंच झालं. पण आपला प्रश्न तो नाही. ही औषधं आपल्या देशात बनतात, आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं चालणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड अनेक रुग्णालयांसाठी मिळून खरेदी करतं. विदर्भातल्या कुटुंबाला गोळीपेक्षा एसटीचं भाडं महाग पडतं, शिवाय छिंदवाडा-बालाघाटहून येणाऱ्यांना दुसऱ्या राज्याचं रेशनकार्ड आडवं येतं ते वेगळंच.

आता पैशाचं. मागणाऱ्या संस्थेला एकच विचारा: नागपुरात येणाऱ्या कुटुंबाचं राहणं, जेवण, भाडं आणि फोन करणारा माणूस, यांतलं तुम्ही काय देता? उत्तर जनजागृती, मॅरेथॉन आणि टीशर्ट असं आलं तर हात आखडता घ्या. नावानंही गोंधळू नका. मेम्फिसचं सेंट ज्यूड रुग्णालय वेगळं, आणि आपल्याकडे 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली, उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह मोफत राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स वेगळी.

पैशाबरोबर कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्रही द्या, पालकमंत्र्यांना. पालकमंत्री हे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात. पत्रात सहानुभूती नको, मागणी हवी: कर्करोगग्रस्त बालकाच्या सोबतच्या एका माणसाला प्रवास आणि निर्वाहभत्ता, उपचार संपेपर्यंत. पेरूच्या कायद्याचा दाखला खाली जोडा. बाहेरच्या देशाचं उदाहरण लागलं की आपल्याकडे फाईल जरा लवकर हलते, असा माझा अनुभव आहे.

आणि देणगी शक्यतो जूनच्या सुरुवातीला द्या. सीएसआरचा पैसा सगळीकडून मार्चअखेरीस येऊन पडतो, आणि आमची माणसं रोवणीला परत जायला लागतात तेव्हा तो संपलेला असतो.