तुझी स्क्रिप्ट वाचली

हे बघ, काल जेवण झाल्यावर तुझी स्क्रिप्ट हातात घेतली ती संपवूनच झोपलो, त्यामुळे लिहितोस छान यात वादच नाही. पण पहिली वीस पानं तू नुसता त्या पोराच्या मागे फिरतोयस, त्याची खोली, त्याचं जॅकेट, त्याची बंदूक, आणि तो शाळेत शिरतो तेव्हा तर तू चक्क हिरोची एन्ट्री दिलीयेस, स्लो मोशन, वर म्युझिक. वाचताना पोटात गोळा आला रे. 20 एप्रिल 1999 ला कोलंबाइन हायस्कूलमध्ये तिथल्याच ज्या दोन विद्यार्थ्यांनी गोळ्या घातल्या त्यांची नक्कल करायला निघालेली पोरं अमेरिकेत नंतर कितीदा सापडलीत, आपला सीन बघून कुणाला तसं व्हावंसं वाटलं तर? मी इतकी वर्षं एडिटिंग टेबलवर काढली, मला माहितीये, म्युझिक टाकलं की प्रेक्षक त्या माणसाच्या बाजूला सरकतो, तू डायलॉगमध्ये काहीही म्हण.

'द फॉलआउट' बघ, 2021 चा. गोळीबार होतो तेव्हा कॅमेरा टॉयलेटमध्ये लपलेल्या दोन मुलींसोबत थांबतो, बाहेर जातच नाही, आपल्याला फक्त आवाज येतात आणि त्यांचे श्वास. त्याच वर्षीचा 'मास' पण बघ. चर्चमधली एक खोली, एक टेबल, चार आईबाप, दोघांचा मुलगा मारला गेला आणि दोघांचा मुलगा मारणारा, तोही त्या दिवशी गेलाच. आणि त्या मारणाऱ्याची आई येताना फुलं घेऊन येते. बास, फुलं. मी तिथे पॉज करून बसलो होतो, कारण समोरच्या बाईने ती हातात घ्यायची कशी?

तुझ्याकडे असं काय आहे ते शोध. माझ्या भाचीची मुलगी टेक्सासला पहिलीत आहे, तिने मागे व्हिडिओ कॉलवर मला त्यांचं लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा सराव, करून दाखवलं, दिवे बंद, दाराला कुलूप, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचं, गुडघे पोटाशी, तोंडावर हात. मग म्हणाली, आजोबा, माझे बूट चालताना चमकतात ना, म्हणून मी पाय अज्जिबात हलवत नाही. सहा वर्षांची आहे रे ती. भाची मागे भांडी घासत होती ती तशीच थांबली, नळ चालूच.

तू तिथे अमेरिकेतच शिकतोयस, तुझ्या वर्गातली अर्धी पोरं बालवाडीपासून हे ड्रिल करत मोठी झाली असतील, त्यांच्याशी बोल, घाई न करता, आणि कुणाला नको असेल तर सोडून दे.

तुझ्या 43 व्या पानावर ती आई आहे ना, मुलाचा डबा घासून दुसऱ्या दिवशीसाठी पालथा घालणारी, तिला तू दोन ओळीत संपवलंयस. मला तिची दहा पानं लिहून पाठव, रविवारपर्यंत, मग फोन करतो.