बातमी विकत घेतली, हे सिद्ध करायच्या मागे लागू नका

प्रश्न : मी मुलीच्या शाळेत पालक प्रतिनिधी आहे. शुल्कवाढीविरुद्ध आम्ही शिक्षण विभागाकडे तक्रार केली. पाच आठवड्यांपूर्वी एका दैनिकात माझ्या नावानिशी बातमी आली, की तक्रार मागे घेण्यासाठी मी संस्थेकडे पैसे मागितले. हे धादांत खोटं आहे. मला कोणी विचारलंही नाही, तरी शेवटी ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं छापलंय. त्याच अंकात संस्थेची पानभर जाहिरात आहे. जाहिरातीच्या बदल्यात बातमी छापली म्हणून खटला भरता येईल का? पुढच्या बातम्या थांबवता येतील का?

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. पण तुम्ही म्हणता तो खटला उभा राहणार नाही. वृत्तपत्रानं एकाच बाजूनं लिहिलं, जाहिरातदाराची मर्जी राखली, एवढ्यावरून आपल्याकडे कोणाला शिक्षा होत नाही. जाहिरात आणि बातमी एकाच अंकात आली यावरून संशय येतो, तो मलाही आला. मात्र प्रवेशाच्या दिवसांत संस्था जाहिराती देतातच, असं संपादक म्हणतील आणि तुमचं म्हणणं तिथेच अडकेल. म्हणून बातमी का छापली हे तूर्त बाजूला ठेवा. काय छापलं, आणि छापण्याआधी काय करायचं राहिलं, यावर सगळा भर द्या.

त्या दृष्टीनं तुमची बाजू भक्कम आहे. तुम्ही दुसऱ्याही एका दैनिकाचं कात्रण जोडलंय. दोन्हीकडे संस्थेची बाजू सांगणारी वाक्यं स्वल्पविरामासकट सारखी आहेत. दोन बातमीदार वेगवेगळे बसून असं लिहीत नाहीत. संस्थेचं प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं उतरवून वर ‘प्रतिनिधी’ अशी ओळ टाकली आहे, हे उघड दिसतं. दुसरी गोष्ट ‘संपर्क होऊ शकला नाही’ या वाक्याची. हे वाक्य खोटं असेल तर मला ते आरोपाइतकंच गंभीर वाटतं, कारण त्यामुळे वाचकाला वाटतं की तुम्ही तोंड लपवताय. बातमीच्या आदल्या दोन-तीन दिवसांची फोनवरची कॉलची यादी, ईमेल, मेसेज आजच जपून ठेवा आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि नुसती कात्रणं पुरणार नाहीत, दोन्ही दैनिकांचे त्या दिवशीचे पूर्ण अंक मिळवा.

आता मुदती. भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे (प्रेस कौन्सिल) दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. तुमचे पाच आठवडे गेले आहेत. त्याआधी संपादकांना लेखी कळवणं आवश्यक आहे, ती पायरी गाळता येत नाही. बदनामीच्या दिवाणी दाव्याला प्रसिद्धीच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. यात एक मेख आहे : प्रकरण कोर्टात प्रलंबित असेल तर परिषद चौकशी करू शकत नाही आणि तक्रारीसोबत तसं प्रतिज्ञापन मागते. घाईनं दावा लावलात तर परिषदेचा दरवाजा बंद होईल. म्हणून आधी परिषद, मग कोर्ट. परिषदेत वेळ जातो म्हणून दाव्याची मुदत मात्र वाढत नाही, तेव्हा वर्षाची तारीख डोळ्यांसमोर ठेवा.

परिषद दंड करू शकत नाही, भरपाईही देत नाही. 1978 च्या वृत्तपत्र परिषद कायद्यानं तिला ताकीद देण्याचा, समज देण्याचा, ठपका ठेवण्याचा अधिकार आहे. अनेक वकील तिला दात नसलेली म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू छापण्याआधी घ्यावी, जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू यावी, चूक झाली तर ठळकपणे दुरुस्त करावी, हे तिचे स्वतःचे निकष आहेत. त्यांवर मिळालेला ठपका पुढे कोर्टात तुमच्या हाती राहतो.

‘पैसे कोणी दिले, हे वृत्तपत्राकडून वदवून घ्या’ असंही तुम्ही लिहिलंय. बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती परिषद करू शकत नाही, त्याच 1978 च्या कायद्याच्या कलम 15 मध्येच तसं म्हटलंय. हे संरक्षण राहावं असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या तुमच्यासारखाच कोणी पालक एखाद्या बातमीदाराकडे कागद घेऊन जाईल, तेव्हा त्याचं नाव याच कलमामुळे झाकलेलं राहील. तुमची वाट वेगळी आहे. बदनामीकारक मजकूर छापण्यासाठी पुरवणाराही जबाबदार असतो. दिवाणी दाव्यात संस्थेलाही प्रतिवादी करा. मग प्रसिद्धीपत्रक, त्यासोबतचा पत्रव्यवहार, जाहिरातीचं बिल ही कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज देता येतो. जाहिरातीमागचा व्यवहार बाहेर आलाच तर असा येईल.

फौजदारी तक्रारही शक्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण मी तो सल्ला देणार नाही. वजनदार माणसं हेच कलम वापरून लहान बातमीदारांना वर्षानुवर्षं तारखांवर फिरवतात, आणि तुमच्या बातमीचा निर्णय बहुधा त्या ‘प्रतिनिधी’नं घेतलेलाही नसेल.

पुढच्या बातम्यांवर अंतरिम मनाई मिळणं अवघड आहे. ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये सांगितलं, की सुनावणीआधी मजकूर रोखण्याचा आदेश अपवादानंच द्यावा. तुमच्या अडचणीतही मला ते योग्यच वाटतं.

पालकांच्या ग्रुपवर तुम्ही ‘विकाऊ पेपर’ असं लिहिलंय, ते आजच काढा. तेवढ्या एका शब्दावरून तुम्हालाच नोटीस येऊ शकते.

या आठवड्यात संपादकांना स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पत्र पाठवा, ईमेलही करा. अंकात शेवटी छापलेलं संपादकांचं नाव आणि पत्ता घ्या. बातमीची तारीख, पान, चुकीची वाक्यं एकेक करून आणि प्रत्येकापुढे वस्तुस्थिती लिहा. खुलासा तितक्याच ठळकपणे छापा अशी मागणी करा आणि उत्तरासाठी सात दिवस द्या. जाहिरातीबद्दल त्या पत्रात अवाक्षर काढू नका. उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर पत्राची प्रत, मूळ कात्रण आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडून परिषदेकडे तक्रार त्याच आठवड्यात रवाना करा.