तबकांची देवघेव

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त मलेशियात असतो. तेथील एका मलय लग्नाची छायाचित्रे त्याने पाठविली. त्यांत सजविलेल्या तबकांच्या दोन रांगा असून एका तबकावर विड्याच्या पानांचा चक्क मनोरा रचलेला आहे. आमच्या गावात पानमळे असल्यामुळे फार नवल वाटले. हे आपले रुखवत समजावे की हुंडा?
– एक वाचिका, ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : दोन्ही नव्हे. या तबकांना मलय भाषेत ‘हंतारान’, म्हणजे पोचवायची वस्तू, असे म्हणतात. आपले रुखवत वधूपक्ष मांडतो आणि ते एकाच दिशेने जाते. हंतारान मात्र दोन्ही घरांकडून येते. तबकांची संख्या विषम ठेवण्याची रीत आहे आणि वराकडून पाच आली तर वधूकडून बहुधा सात परत जातात. कापड, पादत्राणे, अत्तर, फळे, मिठाई, कुराण, नमाजाचे वस्त्र अशा वस्तू त्यांत हौसेने मांडलेल्या असतात.

आपण पाहिलेल्या पानांच्या मनोऱ्याला ‘सिरिह जुंजुंग’ म्हणतात. ‘सिरिह’ म्हणजे नागवेलीचे पान. त्याखेरीज ‘तेपाक सिरिह’ हा पानाचा डबा असतो. त्यात पान, सुपारी, चुना, कात आणि अडकित्ता असे आपल्या पानदानाशी जुळणारे साहित्य असते, आणि मागणी घालायला जाताना तो आवर्जून नेतात. सर्वांत बोलके आहे ते मागणी घालण्याचे क्रियापद ‘मेमिनांग’, कारण ते ‘पिनांग’ म्हणजे सुपारी या शब्दावरून आले आहे. आपल्याकडे साक्षगंधाआधी लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ म्हणतात. इतक्या दूरच्या दोन भाषांनी सोयरिकीचे बोलणे सुपारीशीच जोडावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हुंड्याची शंका रास्त आहे, कारण तेथेही रोख रक्कम असते. परंतु ती वराकडून वधूकडे जाते. इस्लामी विवाहात वराने वधूला द्यावयाचा मेहर तेथे ‘मस काहविन’ म्हणून ओळखला जातो व तो धर्माने बंधनकारक आहे. ‘वांग हंतारान’ ही वेगळी रक्कम रूढीने ठरते आणि पुष्कळदा वधूपक्षाच्या लग्नखर्चाला लागते. ती फार वाढली की तेथील तरुणांचीही लग्ने लांबतात.

छायाचित्रातील दोन्ही रांगा मोजून पाहाव्यात. जिच्यात दोन तबके अधिक भरतील, ती बहुतेक वधूपक्षाची असेल.