पुदिन्याच्या क्लीनरमध्ये सोडा घालू का?

प्रश्न: कुंडीतला पुदिना नि रोझमेरी व्हिनेगरमध्ये घालून क्लीनर करायचाय, सोबत बेकिंग सोडा टाकला तर जास्त स्ट्राँग होईल ना?

उत्तर: उलट होईल! फेस मस्त येतो पण ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, वर झाकण घट्ट लावलं तर गॅसने बाटली फुटू पण शकते. पानं धुवून पूर्ण कोरडी करा, काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून २ आठवडे ठेवा, मग गाळून तेवढंच पाणी घाला, झालं. खरं सांगायचं तर पानांचा उपयोग मुख्यतः वासापुरता, नळावरचे पांढरे डाग काढतं ते व्हिनेगरच. मार्बलवर मात्र अजिबात मारू नका, चमक जाते. आणि ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो.