मीटवर ओरडलेली म्हैस

बेटा,

तुझा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा वाटलं, जनावरांच्या नव्या डॉक्टरची नेहमीची धाकधूक आहे, बसेल हात. दुसऱ्यांदा एका वाक्याशी अडकलो. ‘काका, पुढचा पाय मी स्वतः सोलला होता, पोट मात्र मोबाइलवर पाहिलं.’

मार्च २०२० मध्ये तू पहिल्या वर्षाला होतीस. खान्देशात तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. आपली पोरं परभणी, शिरवळ, नागपूरकडे जायची. टाळेबंदी लागली तशी सगळी बॅगा घेऊन परतली. डिसेक्शन, म्हणजे मेलेलं जनावर कापून शिकणं, अर्ध्यावर राहिलं. त्यापुढचं कोठीपोट (चारा आंबवणारं मोठं पोट), आतडी, गर्भाशय सगळं पीडीएफमध्ये. कॉलेज उघडल्यावर राहिलेली प्रॅक्टिकल्स आठवडाभरात उरकली, हे तूच सांगितलंस. म्हणून आज गाभण तपासायला शेणाच्या वाटेने हात घातला की बोटांखाली गर्भाशयाचं शिंग आहे की आतड्याचं वेटोळं, तुला कळत नाही. यात तुझी अक्कल कमी पडलेली नाही.

आमच्या काळाचं मात्र फार कौतुक करू नकोस. खोड्यात एक गाय, भोवती साठ-सत्तर पोरं. हात घालायला मिळायचा पाच-सहा धीट पोरांना. बाकीचे मागे उभे राहून जर्नलात ‘गाभण, तीन महिने’ लिहायचे. मी मागच्यांतला. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात साक्री तालुक्यात एक नुकतीच व्यालेली म्हैस बसून राहिली होती, मान कुशीकडे वळवून. दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरतं तो आजार. निदान बरोबर होतं. कॅल्शियमची बाटली गळ्याच्या शिरेत लावली आणि माणसं जमली होती म्हणून घाईने सोडली. ती हळूहळू सोडायची, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून, ठोका चुकला की थांबायचं, हे परीक्षेत मी झोपेतही लिहिलं असतं. बाटली संपायच्या आत म्हैस गेली. मालक काही बोलला नाही. घरात बघून एवढंच म्हणाला, “डॉक्टरले च्या दे.” तो चहा मी प्यालो. नको म्हणायचीही हिंमत नव्हती.

आता तुझ्या त्या दिवसांबद्दल. घरात रेंज नाही म्हणून तू मळ्यात निंबाखाली खाट टाकून ऑनलाइन तासासाठी गूगल मीट लावायचीस. एकदा तुझा माइक चालू राहिला आणि मागून म्हैस ओरडली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर तू माइक बंद, कॅमेरा बंद. हे तू हसत सांगितलंस, पण मला हसू आलं नाही. पडद्यावर सर रवंथ शिकवत होते आणि तुझ्या पाठीमागे दहा फुटांवर दोन म्हशी रवंथ करत बसल्या होत्या! शहरातल्या फ्लॅटमध्ये अडकलेल्या तुझ्या मैत्रिणींकडे एवढं कुठे होतं? उठून डाव्या कुशीत मूठ रोवली असतीस तर कोठीपोटाची लाट हाताला लागली असती, निरोगी जनावरात दोन मिनिटांत साधारण दोन-तीनदा. पण तुला हे कुणी सांगितलंच नाही. मीही नाही, आणि माझं घर मोटरसायकलने वीस मिनिटांवर. मी तेव्हा बीपीच्या गोळ्या मोजत बसलो होतो.

म्हणून आजारी जनावरापासून सुरुवात करू नकोस. घरच्या म्हशींचा ताप, शेपटीखालची नाडी, श्वास आणि कोठीपोट महिनाभर दोन्ही वेळा लिहून ठेव. १०१.५ फॅरनहाइट पुस्तकात आहे. तुझी म्हैस उन्हातून आली की किती आणि डबक्यातून उठली की किती, ते नाही. गाभण तपासणीची वही वेगळी कर. डाव्या पानावर हाताला काय लागलं ते, उजवं पान कोरं. म्हैस व्याली किंवा परत माजावर आली की ते भरायचं. दहा महिने दहा दिवसांचा हिशेब आहे, वही लवकर भरणार नाही. कत्तलखान्यातून म्हशीचं गर्भाशय मिळालं तर बादलीत ठेव आणि डोळ्यांवर रुमाल बांधून चाचप. (आईची बादली घेऊ नकोस.)

दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षक भाऊंनी हजारो कृत्रिम रेतनं केली आहेत. ‘डिग्रीवाली बाई’ म्हणून आधी गंमत करतील, करू दे. एका म्हशीला आधी त्यांचा हात, मग तुझा, आणि काय लागलं ते दोघांनी वेगवेगळं सांगायचं. तिसरा हात नको. ग्लोव्हवर रक्त दिसलं तर दुसराही नको. आणि अडलेल्या म्हशीपुढे मालकाला स्पष्ट सांग, गर्भाशयाला पीळ वाटतोय, पण मी एकटीने कधी सोडवलेला नाही, मोठ्या डॉक्टरांना बोलावते. तो चिडला तर चिडू दे. वेळ घालवलास तर वासरू जाईल, कदाचित म्हैसही.

फोनवरून लक्षणं विचारायला तुमची बॅच आमच्यापेक्षा बरी शिकली, हे मान्य करायला हवं. अर्थात भाषा यायला हवी. तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीने ‘ढोर काहीच खास नही’ ऐकून लिहिलं होतं ना, ‘मालकाच्या मते विशेष तक्रार नाही’? अहिराणीत ‘खास’ म्हणजे खातं, हे तिला कोण सांगणार!

आणखी एक. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यात चिनावलला लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा आजार, सापडला, मग सगळीकडे शेळ्यांच्या देवीची लस घेऊन पळापळ झाली. तू सुट्टीला आली होतीस, बर्फाची पेटी तुझ्याकडे दिली होती. एका वासराच्या अंगावर एकही गाठ नव्हती. तू त्याला धरताना खांद्याच्या पुढे बोटं दाबलीस आणि म्हणालीस, “काका, इथे काहीतरी सुजलंय.” लसिकाग्रंथी होती ती. ताप पाहिला, १०४ च्या वर. लस न देता त्याला बाजूला बांधलं, तिसऱ्या दिवशी अंगभर गाठी आल्या. मी तेव्हा नुसतं ‘शाब्बास’ म्हणालो होतो. परवा तुझा मेसेज ऐकताना लक्षात आलं, पुढचा पाय तू स्वतः सोलला होतास.

रविवारी सकाळी सातला ये. गल्लीतल्या चार म्हशींच्या मालकांशी बोलून ठेवलंय, त्यातल्या दोन नक्की गाभण आहेत, कोणत्या ते सांगणार नाही. नखं कापून ये, अंगठी घरी ठेव. डाव्या हाताने शिकायचं, उजवा रेतनाच्या गनसाठी मोकळा लागतो. डबा आणू नकोस, काकू भरीत करणार आहे.

तुझा,
डॉक्टरकाका