ताऱ्यातली अभिसारिका

प्रश्न असा आहे: ताऱ्यांच्या पोटातल्या कन्व्हेक्शनच्या (तापलेला वायू किंवा द्रव स्वतःच हलून उष्णता नेतो, त्या क्रियेच्या) गणिती मॉडेलवर मराठीत लेख लिहायचाय. ‘संवहन’ लिहू की ‘अभिसरण’? आणि मॉडेलला काय म्हणू?

अभिसरण! हिंदीतून उचललेलं ‘संवहन’ हल्ली मराठी व्याख्यानांतही ऐकू येतं आणि दर वेळी कानाला खटकतं. आपल्या शाळेत वहन, अभिसरण, प्रारण असं शिकवतात. वहन म्हणजे कंडक्शन. त्यालाच ‘सं’ चिकटवून वेगळी क्रिया सांगितली, तर पोरांनी फरक कशावरून ओळखायचा? संवहनवाले म्हणतात, ‘कन्व्हेक्शन’मधला लॅटिनचा ‘वेहेरे’ (वाहून नेणं) आणि आपला ‘वह्’ सख्खे भाऊ, म्हणून हाच शब्द तंतोतंत. नातं खरं आहे, पण मराठी काही लॅटिनच्या सोयीसाठी लिहायची नसते.

रक्ताभिसरण सर्वांना ठाऊक आहे, ते सोडू. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘सृ’ म्हणजे सरणं, जाणं. याच धातूची अभिसारिका, रात्री प्रियकराकडे निघालेली नायिका. ती पोचते संकेतस्थळी. (वेबसाइटला दिलेला हा शब्द मूळचा प्रेमिकांच्या भेटीच्या जागेचा.) आता खगोलशास्त्रज्ञ एरिका ब्योम-व्हिटेन्से यांनी १९५८ साली ताऱ्यांसाठी मांडलेलं मिश्रण-लांबीचं गणित पाहा. तापलेला वायूचा गोळा भोवतालापेक्षा हलका, म्हणून वर निघतो, ठरावीक अंतर कापतो आणि तिथल्या वायूत मिसळून आपली उष्णता देऊन टाकतो. माझ्या मते मिश्रण-लांबी म्हणजे संकेतस्थळापर्यंतची वाटच! ती किती, हे सिद्धांत स्वतः सांगत नाही. सूर्याची आजची त्रिज्या आणि तेज जुळेल अशी ती बसवतात. दाब जेवढ्या उंचीत सुमारे पावणेतीन पटींनी उतरतो, तिच्या साधारण दीड ते दोन पट.

‘अभिसारी भिंग’ आहे, मग घोटाळा होईल, असा आक्षेप घेतात. कसला घोटाळा? किरणही एका बिंदूकडेच जातात. ‘कडे जाणं’ हा अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे.

उघड्या पातेल्यात डाळ शिजताना बघा, दाणे मधून वर येतात, कडेनं खाली जातात. सूर्याच्या पृष्ठभागावर हजारेक किलोमीटर रुंदीचे असेच ठिपके दिसतात. मध्ये उजळ, कारण तिथे गरम वायू वर येतोय. कडा काळसर, कारण तिथे निवलेला वायू खाली उतरतोय. आठ-दहा मिनिटांत एक मोडतो, दुसरा उभा राहतो. हे सरणं ‘संवहना’त कुठे दिसतं?

मॉडेलचं राहिलंच: प्रतिमान. प्रारूप मतदारयादीचं असतं आणि प्रतिकृती दिवाळीतल्या किल्ल्याची.