तुझ्या पहिल्या घड्याळाविषयी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

वेर्ण्याच्या कंपनीत तू कायम झालीस हे वाचून फार बरं वाटलं, आणि पहिली मोठी खरेदी म्हणून तुला घड्याळ सुचलं याचा तर मला विशेष आनंद आहे. तू दोन घड्याळांबद्दल विचारलंस. एक जपानी, निळ्या तबकडीचं सायको फाइव्ह. दुसरं स्विस, त्याच्या जवळजवळ तिप्पट किमतीचं. पहिल्याबद्दल लिहिताना तो निळा रंग दुकानाच्या दाराशी उन्हात कसा उजळतो, यावर तू चार ओळी खर्च केल्यास. दुसऱ्याबद्दल एवढंच लिहिलंस की तुमच्या विभागातल्या मोठ्या बाईंच्या हातात त्याच कंपनीचं आहे. माझ्या मते तुझा कौल तुझ्याच पत्रात पडला आहे. तरी तू कारणं विचारलीस, म्हणून जरा बैजवार लिहितो.

गोव्यातल्या जुन्या घरांतून दुरुस्तीला जी घड्याळं येतात, त्यांवरून मोठेपणाचा मान कसा फिरत गेला ते मला टेबलावर बसल्या बसल्या दिसतं. पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल इथे थेट उतरायचा. त्या काळच्या कपाटांतून स्विस घड्याळं निघतात, त्यात फेवर-ल्युबा हमखास. ज्याच्या मनगटावर ते, तो गावात मोठा. मग १९६१ साल आलं. गोवा मुक्त झाला आणि त्याच वर्षी बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पुढे जावयाला लग्नात एचएमटी घालणं ही प्रतिष्ठा झाली; जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जायची. त्यानंतर आखातात गेलेले लोक आणि आपले तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, सुट्टीवर येताना सायको, सिटिझन आणू लागले, आणि एचएमटी पेटीत गेलं. १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली. सेलवर चालणारी तिची देखणी घड्याळं आली आणि रोज चावी द्यायची ती म्हाताऱ्यांची, असं ठरलं. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, आणि आता तुझ्याच वयाची मुलं माझ्याकडे जनता आणि पायलट शोधत येतात.

घड्याळं तीच होती, बाय. त्यांची मशीनंही तीच. मान तेवढा एका मनगटावरून दुसऱ्यावर जात राहिला.

आणि हे आपल्याच मुलखात घडलं असं नाही. १९६९ च्या नाताळात टोकियोत सायकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला काढलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्या पैशांत तिथे लहान मोटार यायची. आज क्वार्ट्झ म्हटलं की हौशी लोक नाक मुरडतात. वास्तविक त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्याच्या जोरावर साधं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू महिन्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी पार केलेलं, म्हणून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या, मशीनला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे नुसती वेळच पाहायची असेल तर हजार-दोन हजारांत काम भागतं. त्यावर जो प्रत्येक रुपया जातो तो दुसऱ्या कशासाठी तरी जातो. कशासाठी, ते पाकीट उघडण्याआधी स्वतःला माहीत असावं, एवढाच माझा आग्रह.

कारागिरीसाठी जात असेल तर मला त्याचा आदरच आहे. उत्तम घड्याळाचं मागचं झाकण उघडून भिंग लावलं की मशीनच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा तिरक्या कापून आरशासारख्या घासलेल्या दिसतात. दोन कडा आत वळून जिथे भेटतात, तो कोपरा टोकदार असेल तर समज की तिथे माणसाचा हात लागला आहे. यंत्राचं फिरतं पातं तो कोपरा गोलसर सोडतं. स्क्रूचं डोकंसुद्धा असं घासतात की एका कोनातून ते काळंभोर दिसतं आणि जरा कलतं केलं की लखकन चमकतं. फिलिप द्युफूर नावाचे स्विस कारागीर आहेत. २००० साली त्यांनी सिंप्लिसिटी हे घड्याळ आणलं: तास, मिनिट, छोटा सेकंदकाटा, बस्स. समोरून पाहणाऱ्याला त्यात काहीच विशेष वाटायचं नाही. अशी साधारण दोनशे घड्याळं त्यांनी केली आणि जगभरचे घड्याळजी त्यांच्या चित्रांपुढेही तासन् तास बसतात. मीही बसतो. कुणाला दिसणार नाही अशा जागी इतके कष्ट घेणारा माणूस पाहिला की माझे हात पुढचे कितीतरी दिवस जास्त जपून काम करतात.

पण तुझ्या बजेटमध्ये जे स्विस घड्याळ बसतं, त्यात ही हस्तकला नसते, हे स्पष्ट सांगतो. त्या किमतीच्या पुष्कळ कंपन्या ईटीए किंवा सेलिटासारख्या कारखान्यांची मशीनं घेतात. ती मशीनं चांगली असतात, दणकट असतात, दुरुस्तीला सोपी. काच सफायरची मिळते, तिच्यावर ओरखडे सहसा पडत नाहीत. सायको फाइव्हला साधारणपणे हार्डलेक्स नावाची सायकोची कडक केलेली काच असते, ती जपावी लागते. केसची घडण, काट्यांचं काम यातही थोडा फरक दिसतो. पण किंमत तिप्पट होते ती एवढ्याने नव्हे. बाकीचे पैसे नावाचे. ते द्यायचे तर द्यावेत, मात्र कारागिरीला दिले असं मनाला सांगू नये.

मानासाठी वस्तू घेणं मला वाईट वाटत नाही. मुलगी डॉक्टर झाली म्हणून वडिलांनी तिला मोठ्या नावाचं घड्याळ घातलं तर त्या नावात वडिलांचा अभिमान असतो, आणि ती ते जन्मभर वापरते. तुझं तसं नाही. तू मोठ्या बाईंच्या नजरेत भरावं म्हणून हप्त्यावर घेणार. त्यांनी एकदा पाहिलं, 'छान आहे' म्हटलं, की पुढचे हप्ते तू एकटीने भरायचे. त्यांच्याजवळ तुझी पत व्हायची असेल तर ती तुझ्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीमुळे होईल. आणि तुझी मैत्रीण महागड्या घड्याळाला 'गुंतवणूक' म्हणते ते विसर. २०२२ च्या सुरुवातीला ठरावीक दोन-चार मॉडेलांचे भाव आभाळाला टेकले होते, पुढे तेही उतरले. तुझ्या पसंतीचं यांत्रिक घड्याळ दुकानाबाहेर पडताच स्वस्त होतं, दोन्हींपैकी कोणतंही असो.

आता थोडं व्यवहाराचं. दुकानात गेलीस की ते तुझ्यापुढे 'लेडीज'चा ट्रे ठेवतील. तिथेच अडकू नको. मनगटाची रुंदी पट्टीने मोज आणि घड्याळाच्या वरच्या शिंगापासून (पट्टा जिथे अडकतो ते टोक) खालच्या शिंगापर्यंतचं माप त्याहून कमी आहे ना, ते बघ. तेवढं जमलं तर ते पुरुषांचं की बायकांचं हा प्रश्न उरत नाही.

आपल्या हवेचाही विचार कर. जूनपासून चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, घामाने वास येतो. पावसाळ्यात स्टीलची चेन किंवा रबरी पट्टा घाल. तबकडीवर ३० मीटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी सोसेल इतकाच. मिरामारला किंवा मोरजीला पाण्यात उतरायचं तर निदान १०० मीटरचं हवं, आणि घरी आल्यावर ते नळाखाली धुवायचं, कारण मीठ रबरी वायसर आणि क्राउन (वेळ लावायची बाजूची कळ) दोन्ही खातं. काचेच्या आत एकदा जरी धुकं दिसलं तर उन्हात ठेवत बसू नको, त्याच दिवशी उघडून घे. पाणी आत राहिलं तर स्प्रिंग गंजते, मग मशीन वाचवणं कठीण. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत हाताने तारीख बदलू नको. तेव्हा तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात. घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर बहुधा त्याला चुंबक लागलेलं असतं, स्पीकरजवळ किंवा पर्सच्या बटणाजवळ ठेवल्याने. मिनिटाभरात ते काढून देता येतं, त्याचे कुणाला पैसे मोजू नको.

स्वस्तात जुनं एचएमटी मिळतंय म्हणून चकाकणारी तबकडी पाहून भुलू नको हेही सांगून ठेवतो. बाजारात अशी कितीतरी आहेत की ज्यांची तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं. एचएमटीने कधी काढलेच नाहीत असे भडक रंग त्यांवर दिसतात.

पैसे देण्याआधी ते निळं घड्याळ आणखी एकदा, गर्दी नसताना, सोबत कुणालाही न नेता हातात घालून बघ. विक्रेत्याला बोलू देऊ नको. वेळ कळल्यावरही तुझी नजर तबकडीवर रेंगाळते का, ते पाहा. रेंगाळली तर घे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घे, आणि एखाद्या मंगळवारी म्हापशाला ये. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत मला बोलायला सवड नसते. तुझं नवं घड्याळ मी उघडणार नाही, वॉरंटी जाईल. पण माझ्याकडे एक जुनं पायलट सुटं करून ठेवलेलं आहे, ते तुला भिंगाखाली दाखवीन आणि बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलत वेळ राखणारं चाक, तुझ्याच हाताने बसवायला देईन.

तुझा,
काका